'निळी'ला हात लावू नका

रविवार, १९ नोव्हेंबर

इतके महिने इथे एक ओळसुद्धा लिहिली नाही, त्याबद्दल माझी मलाच माफी मागायला हवी. कारणं पुष्कळ आहेत, पण ती सगळी आळसाच्या नात्यातली. आज लिहिते आहे ते नाइलाज म्हणून. काल गाव सोडून निघालेल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांचा निरोप समारंभ झाला, आणि तिथे मी जे बोलले ते सकाळपासून फोनवरून निरनिराळ्या रूपांत माझ्याकडेच परत येतं आहे. एकीने तर मी खोकं जमिनीवर आपटलं असं ऐकलं. तेव्हा जे बोलले ते जसंच्या तसं, मध्ये कोण काय म्हणालं त्यासकट, उतरवून ठेवते. वहिनीने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, त्यामुळे मला गैरसोयीचं ते गाळण्याची सोय नाही.

*

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांनी या सभागृहातल्या निम्म्या लोकांना कॉलेजात शिकवलं आणि उरलेल्यांना वर्गाबाहेर उभं केलं, व्यासपीठावरचे पाहुणे, 'तळमजला' श्रोता मंडळाचे सचिव, ज्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेली मंडळी आज बाहेर गाड्या वाकड्या लावून आत येऊन बसली आहेत, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आपले डॉक्टर, त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या काकू, आणि समोर बसलेले, डॉक्टरांनी दात काढलेले व अजून शाबूत दातांचे सर्व रसिकहो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्या वाट्याला जे काम आलं आहे त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत 'भेटवस्तूचा परिचय' असं छापलं आहे. सचिवसाहेबांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, 'निळी' आवडणारी सगळ्या मंडळात तू एकटी. तेव्हा तूच बोल. पाचच मिनिटं, आणि गोड बोल." मी हो म्हटलं. काय भेट आहे हे विचारलं नाही. भेट म्हटल्यावर माणूस घड्याळ किंवा शाल समजतो. खोक्यात काय आहे ते मला या आठवड्यात कळलं. तेव्हापासून गोड काय बोलावं ते सुचत नाही. तरी पाच मिनिटांचं कबूल केलं आहे, ते पाळायचा प्रयत्न करते. गोडाचं मात्र बघू.

आज इथे काही पाहुणे असेही आहेत, ज्यांना डॉक्टर फक्त दातांचे म्हणून माहीत. त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. त्याच्या खाली पूर्वी रंगाच्या डब्यांचं गोदाम होतं. तिथे संध्याकाळी सहा माणसं जमायची. बेसवाला, गिटारवाला, दोघे फुंकणारे, एक गायिका आणि ड्रमवर डॉक्टर. बँडचं नाव 'तळमजला', कारण दुसरं सुचेपर्यंत हेच ठेवू असं ठरलं आणि दुसरं कधी सुचलंच नाही. ते वाजवायचे फंक. फंक म्हणजे काय? इथे जाणकार बसले आहेत, ते हसतील, पण मी माझ्यापुरती व्याख्या करून ठेवली आहे. जे संगीत डोक्याच्या आधी कमरेला कळतं, ते फंक. त्यात पहिली मात्रा म्हणजे घराचा उंबरा. वाद्यं कुठेही उनाडक्या करून येवोत, त्या पहिलीवर सगळ्यांनी एकदम, धाडकन घरात यायचं. आपल्या बँडची ही पहिली मात्रा डॉक्टरांच्या उजव्या पायात होती.

आता गंमत अशी की वरच्या मजल्यावर त्याच पायाखाली दात कोरायच्या यंत्राचा पेडल होता. माझी आई दाढ कोरून घ्यायला गेली तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, घाबरू नका. हे गाणं संथ आहे."

तर, पाय. आपल्या मंडळात पाय आपटायची रीत आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कशी पडली हे नव्या सभासदांना माहीत नसेल. जुन्या सभागृहाची जमीन लाकडी होती. एका कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला मोठ्या ड्रमचं कातडं फाटलं. डॉक्टर पेडल मारताहेत आणि आवाज येतोय ओला टॉवेल झटकल्यासारखा. तेव्हा तिसऱ्या रांगेतून कुणीतरी बरोबर पहिल्या मात्रेवर पाय आपटला. कुणी, यावर मंडळात अजून वाद आहे. माझा दादा म्हणतो तो मीच. पण दादा जगातल्या प्रत्येक चांगल्या प्रसंगी तिसऱ्या रांगेत होता.

(दादा मागून : "होतोच मी! विचार वहिनीला!" वहिनी : "मी नव्हते.")

बघा, घरातच पुरावा नाही. असो. गाणं संपेपर्यंत सगळं सभागृह पाय आपटत होतं. पुढच्या कार्यक्रमाला ड्रमवर नवं कातडं आलं, तरी आपण आपटतच राहिलो. खाली शिवणक्लास चालायचा. आम्हाला वाटलं त्या बाई भांडायला येतील. त्या आल्या, आणि म्हणाल्या, "तुमचं वाजवणं रोज का नाही ठेवत? त्या दिवशी माझ्या मुलींची टीप सरळ येते."

आणि हळूहळू एक गोष्ट झाली. ती ना आपल्या लक्षात आली, ना बँडच्या. डॉक्टरांनी पहिली मात्रा वाजवणं सोडून दिलं. मुद्दाम नाही. आपण शेकडो पायांनी ती वाजवत होतो, त्यांचाही पाय पेडलऐवजी आपल्यासारखा जमिनीवर पडायला लागला तर कळणार कुणाला? घरात दोन माणसं दिवा मालवणारी असली की एक जण विसरायला लागतो, तसं.

मग 'निळी' आली. बँडची चौथी तबकडी. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण वेष्टन निळं म्हणून सगळे 'निळी' म्हणतात. काही जण नुसतं 'ती' म्हणतात, घर सोडून गेलेल्या सुनेविषयी बोलावं तसं. आधीच्या तिन्ही तबकड्या कार्यक्रमांतच ध्वनिमुद्रित झालेल्या, आपल्या पायांसकट. ही पहिलीच स्टुडिओतली. त्या स्टुडिओचा नियम असा होता की बूट-चपला दाराबाहेर. आत जाड गालिचा. सहाही जण मोज्यांवर. सवयीप्रमाणे सहाही जण पहिल्या मात्रेवर पाय आपटत होते. ते आपटणं त्यांच्या हाडांना कळत होतं, माईकला नाही. अशी चूक दुसऱ्या कुठल्या बँडच्या हातून होईल, मला सांगा? ज्याला ऐकणाऱ्यांनी इतकं लाडावून ठेवलं आहे, त्याच्याच हातून.

तबकडी घरोघर गेली. आपण सोफ्यावर रेलून बसलो, सुई ठेवली, आणि जिथे धाडकन घरात यायचं तिथे उंबराच नाही. एकूण नऊ गाणी, आणि प्रत्येकात मात्रांच्या दर फेऱ्याच्या तोंडाशी एक भोक.

त्यावर आपण काय काय बोललो! आज निरोपाचा दिवस आहे, सगळे गहिवरलेले आहेत, म्हणून आठवण करून देते. सचिवसाहेब म्हणाले होते, "हे ऐकताना माझा पाय सारखा क्लचवर जातो." दादाने एकदा ऐकली आणि तबकडी कुंडीखाली ठेवली. कुंडीखाली! पाणी झिरपू नये म्हणून! अध्यक्ष महोदयांनी आपल्या स्मरणिकेत लिहिलं की 'निळी' हे एक सन्मान्य अपयश आहे. सर, तुमच्या हाताखाली मी शिकले, तुमच्या 'सन्मान्य'चा अर्थ मला माहीत आहे. तो शेरा तुम्ही माझ्या निबंधावरही मारला होता. वहिनीने मला एकदा स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, "मला त्यातलं पाचवं आवडतं गं, पण ह्यांना सांगू नकोस, चिडवत बसतील."

(वहिनी : "अगं!" दादा : "पाचवं?")

सॉरी, वहिनी. पण इतकी वर्षं एका माणसाने स्वतःच्या घरात एक गाणं चोरून ऐकावं, ही काय परिस्थिती आहे?

आणि दुसऱ्या बाजूचेही लोक आहेत, त्यांनाही सोडत नाही. अलीकडे नवे सभासद इंटरनेटवर लिहितात, की 'निळी' हीच बँडची सर्वश्रेष्ठ कलाकृती, ती रिकामी जागा म्हणजे आधुनिक माणसाचं एकटेपण वगैरे. तेवढ्यात कुणी विचारलं की बाबा, सहावं गाणं कुठलं, तर सांगता येत नाही. ज्यांना लोकांना न आवडलेलं म्हणूनच काही आवडतं, त्यांचा मला दादापेक्षा जास्त राग येतो. दादाने निदान तबकडीला काही काम दिलं.

मग मला ती का आवडते? हे मी बऱ्याचदा स्वतःला विचारलं आहे, कारण एकटीलाच काही आवडत असेल तर आधी आपल्या कानांवर संशय घ्यावा, असं मला वाटतं. मी पहिल्यांदा स्वतंत्र राहायला लागले त्या वर्षीची गोष्ट. दोन खोल्या, सामान थोडं, बोलायला कुणी नाही. 'निळी' लावली. पहिलं गाणं सुरू झालं, ती जागा आली, आणि काही झालं नाही. पुन्हा आली, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा माझा पाय आपोआप पडला. आणि गाणं उभं राहिलं! मी एकटी त्या खोलीत तबकडीची सबंध एक बाजू संपेपर्यंत पाय आपटत होते. खालच्या शेजाऱ्यांनी छताला झाडूचा दांडा मारला. तोही बरोबर दुसऱ्या मात्रेवर. त्या दिवशी मला वाटलं की या लोकांनी आपली जागा राखून ठेवली आहे. गाडीत रुमाल टाकून ठेवतात तशी. आता रुमाल पाहून कुणी म्हणालं, अरे, ही जागा रिकामी आहे, तर काय बोलायचं?

पण हे माझं झालं. डॉक्टरांना काय वाटतं? गेल्या महिन्यात दाढ भरायला गेले होते. धीर करून विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. 'निळी'त ती मात्रा विसरलात की सोडलीत?"

त्यांनी माझ्या तोंडात कापूस कोंबला. "आ करा. अजून मोठा. विसरलो. साफ विसरलो. नमुन्याची प्रत आली, आम्ही सगळे गायिकेच्या घरी जमलो. तिने लावली आणि म्हणाली, अहो, यातलं 'एक' कुठाय? आम्ही एकमेकांच्या पायांकडे बघत बसलो."

मी म्हटलं, "अं अं?" म्हणजे, मग?

"मग काय? परत गेलो स्टुडिओत. ध्वनिमुद्रक भला माणूस. म्हणाला, या, अर्ध्या दिवसात भरून टाकू. मला बूट घालू दिले, नियम मोडून. पहिलं गाणं भरलं. ऐकलं. थुंका."

मी थुंकले आणि संधी साधून म्हटलं, "वाईट झालं?"

"छान झालं! एकदम छान. आ करा. फक्त त्यात मला तुम्ही लोक ऐकू येईनात. न भरलेल्यात येत होतात. ध्वनिमुद्रकाला म्हटलं, हे पुसून टाक. तो म्हणाला, डॉक्टर, लोक शिव्या घालतील. म्हटलं, घालू देत. निदान शिवी तरी पहिल्या मात्रेवर घालतील."

मग ते आरसा माझ्या तोंडात फिरवत म्हणाले, "हे बघा, पोकळ्या दोन प्रकारच्या. एक किडीची, ती भरावीच लागते. दुसरी दोन दातांमधली फट. लोक तीही भरून मागतात. मी शक्यतो भरत नाही. भरली की माणूस हसताना त्याच्याच चुलतभावासारखा दिसतो. तुमची मात्र किडीची आहे. हलू नका."

आणि पेडल दाबला. ते गाणं काही संथ नव्हतं.

डॉक्टर, हे मी तुम्हाला न विचारता सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही मला ते गुपित म्हणून सांगितलं नव्हतं, पण जाहीर कर असंही म्हटलं नव्हतं. चुकलं असेल तर नंतर रागवा. आज सांगणं भाग होतं, कारण आता मी या खोक्याकडे वळते आहे.

या सोनेरी फीत बांधलेल्या खोक्यात 'निळी'ची सुधारित आवृत्ती आहे. आपल्या सचिवसाहेबांनी कित्येक महिने संगणकावर बसून, नऊच्या नऊ गाण्यांत, प्रत्येक फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर एकेक ठोका बसवला आहे. ठरलं असं आहे की आज समारंभाच्या शेवटी डॉक्टरांच्याच हस्ते तिचं प्रकाशन व्हावं. बँडच्या तबकड्या आपलं मंडळच काढतं. इथून पुढे मंडळ हीच 'निळी' काढील. जुनी बंद.

डॉक्टर, काकू, तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय की तुम्हाला याची कल्पना नव्हती. ते तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं, आनंदाचा धक्का म्हणून. तो मी घालवला. त्याबद्दल सचिवसाहेबांची मी मनापासून माफी मागते. पण फक्त तेवढ्याबद्दल.

(सचिव उभे राहून : "ताई, पाच मिनिटं केव्हाच झाली.")

झाली, मला माहीत आहे. पण मला 'परिचय' करून द्यायला सांगितलंत ना? परिचय करून देताना मुलीचे आईबाप कोण हे नको सांगायला?

(सचिव : "मला एवढंच सांग, तू सुधारित ऐकलीस का? एक गाणं तरी?")

नाही ऐकली.

(सभागृहात गलका. सचिव : "मग? न ऐकताच?")

बरोबर आहे तुमचं. टाळ्या वाजवताय त्यांचंही बरोबर आहे. हा प्रश्न तुमच्या आधी मी स्वतःला विचारला आहे, आणि मला त्याचं चांगलं उत्तर सापडलेलं नाही. प्रत मिळाली असती, मी मागितली नाही. खरं सांगू? ती आवडेल अशी भीती वाटली. तुम्ही हे मनापासून केलं आहे, तुमचे डोळे बघते आहे मी गेले काही महिने, लाल झालेले. ठोके अगदी जागच्या जागी असणार. गाणी नाचायला सोपी झाली असणार. दादा कुंडी उचलेल. पण मी तुमचं काम वाईट आहे असं म्हणतच नाही. मी म्हणते आहे की ते चांगलं असलं तरी 'निळी'च्या जागी नको.

का, ते सांगते. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, लोक बाटल्यांतून पाणी आणतात, मी ते तपासते. एकदा एक बाई आल्या. त्यांनी घरच्या विहिरीचं पाणी आधी फडक्यातून गाळून, मग उकळून, मग बाटलीत भरून आणलं होतं. म्हणाल्या, "घाणेरडं पाणी कसं द्यायचं हो तुमच्यासारख्यांच्या हातात? बरं दिसत नाही." इतक्या सज्जन होत्या की मला रागावता येईना. पण त्या बाटलीत त्यांची विहीर नव्हती. त्यांचा सज्जनपणा होता. त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही.

सचिवसाहेब, तुम्ही वाईट नाही वागलात. तुम्ही उकळून आणलंत.

आणि मी काही तिची भक्त नाही. सातवं गाणं कंटाळवाणं आहे. डॉक्टर, माफ करा, पण आहेच.

(डॉक्टर, माईक नसताना : "आहे, आहे. फार लांबवलंय.")

ऐका! करणाराच म्हणतो आहे. मग तुम्हीही म्हणा की. 'निळी' आवडली नाही? नका आवडू देऊ. क्लचवर पाय जातो? जाऊ दे. सन्मान्य अपयश म्हणा, असन्मान्य म्हणा, कुंडीखाली ठेवा. न आवडण्याचा तुमचा हक्क मी हिरावून घेत नाही. उलट मी तो राखायला उभी आहे! उद्या जुनी 'निळी' मिळेनाशी झाली, तर नव्या सभासदाने नावं ठेवायची कशाला? त्याला आपण असं काहीतरी देणार की ज्यात नावं ठेवायला जागाच नाही. आपण इतकी वर्षं भांडलो, त्यातली सगळ्यात छान भांडणं 'निळी'वरून झाली. दुसऱ्या तबकडीवरून कधी कुणी भांडलं आहे? ती सगळ्यांना आवडते. तिच्यावर बोलायला लागलं की दोन वाक्यांत चहा येतो.

एखादी गोष्ट आवडत नाही म्हणून ती आवडेल अशी करून घ्यायची, आणि वर तिला जुन्याच नावाने हाक मारायची, हे मला मान्य नाही. आणि तेही ज्याने केली त्याला न विचारता? आणि तो गाव सोडून मुलीकडे राहायला जातो आहे त्या दिवशी, फुलांच्या हारासोबत, सगळ्यांच्या देखत, म्हणजे त्याला नाही म्हणायची सोयच नाही? आपण याला प्रेम म्हणतो. असेलही. पण आपल्या माणसाला नकार द्यायची वाट बंद करून दिलेलं प्रेम मला घ्यायला आवडणार नाही.

(अध्यक्ष घंटी वाजवतात.)

सर, ऐकली घंटी. कॉलेजातही ती मला थोडी उशिराच ऐकू यायची.

मी संपवतेच. मला एक शंका शेवटपर्यंत छळते आहे, तीही सांगून टाकते. डॉक्टरांच्या वतीने बोलायचा अधिकार मला कुणी दिला? दाढ भरताना माणूस काहीतरी बोलतो, तेच त्याचं आयुष्यभराचं मत असेल कशावरून? कदाचित त्यांना आज, जाता जाता, वाटत असेल की बरं झालं, कुणीतरी ती चूक निस्तरली. तसं असेल तर मी इथे उभी राहून मूर्खपणा केला, आणि तो मला सोसावा लागेल. म्हणून मी निर्णय सुचवत नाही. मी फक्त ही फीत सोडणार नाही. ठरल्याप्रमाणे ती सोडून, तबकडी वर धरून, तुम्हाला दाखवायची होती. ते मी करणार नाही.

डॉक्टर, हे घ्या. बंद आहे. तुमचं आहे. उघडायचं की नाही, आणि उघडलं तर त्यावर नाव कुठलं घालायचं, ते तुम्ही ठरवा. आज ठरवलं नाहीत तरी चालेल. आणि मंडळी, त्यांनी काहीही ठरवलं तरी आज त्यांच्यावर कुणी रुसायचं नाही. रुसायचं असेल तर मी आहे, माझा पत्ता सगळ्यांना माहीत आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. सचिवसाहेबांचे आभार, त्यांनी मला बोलावलं म्हणून, आणि मध्येच खाली बसवलं नाही म्हणून. काकूंचे आभार, कारण तळमजल्यावरच्या त्या आवाजावर घर उभं ठेवणं सोपं नसणार. डॉक्टरांचे आभार मानायचे म्हटलं तर तोंडात कापूस असल्यासारखं होतं, म्हणून नकोच. माझ्या बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, वेळ तर उघडच जास्त घेतला आहे, त्या सगळ्याची क्षमा असावी. 'निळी'साठी बोलले त्याची क्षमा मी मागत नाही.

नमस्कार.

*

टाळ्या पडल्या, पण सगळ्या हॉलभर नाही. सचिव खाली बघत होते. मी खुर्चीवर येऊन बसले. मला वाटलं होतं बरोबर बोलल्यावर हलकं वाटेल, तसं काही वाटलं नाही.

डॉक्टर उत्तराला उठले. खोकं त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवलं. आधी सचिवांजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले, ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. मग माईकवर आले. "इतके महिने कुणी माझ्यासाठी बसलं नव्हतं," ते म्हणाले. "हे मी घेऊन जातो. मुलीकडे एकटा ऐकेन. पण प्रकाशन नको. दुकानात जुनीच राहू द्या. लोकांना नाही आवडली तर नाही आवडली. ती माझी न आवडलेली आहे, ती माझीच राहू द्या." मग म्हणाले, "सातवं वगळलंत तरी चालेल." हशा झाला, आणि मग बाकीच्या गोष्टी रीतसर पार पडल्या. हार, फोटो, चहा.

चहाच्या वेळी सचिव माझ्याशी बोलले नाहीत. मीही गेले नाही. जायला हवं होतं. मी जे म्हणाले त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही, आज पुन्हा ऐकूनही नाही. पण त्यांच्या प्रश्नाला 'नाही ऐकली' हे उत्तर देऊन मी पुढे निघून गेले, आणि तरी शेवटी माझंच म्हणणं राहिलं, ते मला बोचतं आहे. डॉक्टर ती ऐकणार आहेत. मंडळातला दुसरा कुणी ऐकेल असं वाटत नाही.

उद्या : सचिवांच्या घरी जाऊन त्यांची 'निळी' मागायची, आणि त्यांच्यासमोर बसून शेवटपर्यंत ऐकायची.